निकाली भूसंपादन रेफरन्सची निकालपत्रे संशोधनासाठी कशी मिळवायची? बजेट १०,००० रुपये

उरमोडीकाठ यांचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका धरण प्रकल्पात जमिनी गेलेल्या १४ गावांवर पीएच.डी.चं काम चालू आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली शेतकऱ्यांनी जे रेफरन्स केले (मोबदला कमी वाटला म्हणून कोर्टाकडे पाठवायला लावलेली प्रकरणे), त्यांत कोर्टाने मोबदला किती वाढवला आणि कशाच्या आधारावर वाढवला, हे पाहायचं आहे. १९९५ ते २०१२ या काळातले निकाल हवेत.

गावांतून जमवलेल्या यादीप्रमाणे साधारण १२० रेफरन्स होतात. पण निम्म्या नोंदींना केस नंबरच नाही, फक्त खातेदाराचं नाव आणि गट नंबर. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या केसेसची माहिती देणारं संकेतस्थळ) नावाने शोधलं तर थोडेच सापडले. सापडले त्यांतही बहुतेकांना निकालाची पीडीएफ जोडलेली नाही. कोर्टाच्या नक्कल विभागाचं (कागदांच्या प्रती देणारा विभाग) म्हणणं, तुम्ही पक्षकार नाही, आधी न्यायाधीश साहेबांची परवानगी आणा.

विचारायचं ते असं. एका निकालाची ३० पाने धरली तर १२० नकला म्हणजे ३,६०० पाने, आणि एवढे पैसे नाहीत. माहिती अधिकारात मागितल्यास स्वस्त पडेल का? विद्यापीठाने घेतलेल्या कायद्याच्या डेटाबेसमध्ये हे निकाल मिळतील का? आणि नंबर नसलेल्या केसेस शोधायच्या कशा?

---

नक्कल_अर्ज यांचं उत्तर

१२० नकला काढूच नका. तुम्हाला लागणारी निकालपत्रे फार तर पंधरा-वीस असतील.

भूसंपादनाच्या केसेस सुट्या सुट्या चालत नाहीत. एका गावातली, एकाच कलम ४ च्या अधिसूचनेतली (जमीन घेणार असल्याची पहिली जाहीर सूचना) आणि एकाच निवाड्यातली (मोबदला ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा आदेश) प्रकरणे बहुधा एकत्र चालवली जातात. पुरावा एका मुख्य केसमध्ये नोंदवतात आणि निकालही सगळ्यांना मिळून एकच लागतो. मूळ निकालपत्र मुख्य केसच्या फाइलमध्ये असतं, बाकीच्या फायलींत त्याची प्रत किंवा नुसता ‘निकाल अमुक नंबरच्या केसमध्ये’ असा शेरा असतो. त्यामुळे आधी १२० ची यादी गटांत बसवा. गटाची खूण म्हणजे गाव, कलम ४ च्या अधिसूचनेची तारीख आणि निवाडा क्रमांक. मोबदला कलम ४ च्या तारखेच्या बाजारभावावर ठरत असे, म्हणून तुमच्या अभ्यासालाही तीच तारीख मुख्य आहे. एकाच गावाची जमीन बुडीत क्षेत्रासाठी एकदा आणि कालव्यासाठी दुसऱ्यांदा गेली असेल, तर ते दोन गट धरा.

हे सगळं कोर्टात शोधत बसू नका, कारण ही माहिती विशेष भूसंपादन अधिकाऱ्याकडे असते. कलम १८ चा अर्ज शेतकरी थेट कोर्टात करत नसे, भूसंपादन अधिकाऱ्याकडे करत असे. अधिकारी तो कलम १९ च्या विवरणासह कोर्टाकडे पाठवत असे. त्या विवरणात जमिनीचा तपशील, हितसंबंधितांची नावे, मंजूर झालेली रक्कम आणि अर्जदाराची हरकत हे सगळं असतं. म्हणजे नाव आणि गट नंबरवरून कोर्टाच्या केस नंबरपर्यंत नेणारा धागा त्या कार्यालयात आहे.

तिथे माहिती अधिकार बिनदिक्कत चालतो. अर्जाची फी १० रुपये (कोर्ट फी तिकीट लावलं तरी चालतं), प्रतीला पानामागे २ रुपये. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, म्हणून गावनिहाय अर्ज करा. १४ गावांचे १४ अर्ज, १४० रुपये. निवाडा आणि त्याला जोडलेला मोबदल्याचा तक्ता मिळून ६० पाने धरली तर गावामागे १२० रुपये, १४ गावांचे १,६८०. एकूण १,८२० रुपये आणि टपालखर्च. तुमच्या बजेटच्या पाचव्या भागात कामाचा पाया तयार होतो.

मागणी अशी लिहा: “मौजे ___, तालुका ___ येथील ___ प्रकल्पासाठीच्या भूसंपादन प्रकरण क्र. ___ मधील (१) कलम ११ खालील निवाड्याची प्रत, मोबदल्याच्या तक्त्यासह. (२) कलम १८ खाली प्राप्त अर्जांच्या नोंदवहीचा उतारा, न्यायालयाकडे पाठवल्याचा दिनांक व न्यायालयाचा प्रकरण क्रमांक यांसह.” ‘सर्व माहिती द्यावी’, ‘संपूर्ण फाइल द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती मोघम’ म्हणून अर्ज परत येतो. कारण सांगायची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं.

प्रकल्प जुना असल्याने ते विशेष कार्यालय बंद झालेलं असू शकतं. अशा वेळी दप्तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेकडे गेलेलं असतं. चुकीच्या कार्यालयाकडे अर्ज गेला तरी त्याच कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. त्याला उशीर करू नका, या कामात तारखाच हातातून निसटतात.

---

दप्तरबंद यांचं उत्तर

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. कोर्टाच्या बाजूचं मी लिहितो.

कोर्टाच्या अभिलेखासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला आहे. कोर्टाच्या स्वतःच्या नियमांत नक्कल मिळण्याची सोय असेल तर त्याच वाटेने जायचं. त्रयस्थाने कारण देऊन, शपथपत्र जोडून अर्ज करण्याची अट रास्त आहे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे नक्कल विभागाने तुम्हाला टाळलेलं नाही, ती पद्धतच आहे.

कलम १८ चे रेफरन्स बहुतेक दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. अर्ज दोन करा आणि वेगवेगळे ठेवा. पहिला अभिलेख पाहण्याच्या परवानगीचा, दुसरा नकलेचा. दोन्ही एकाच कागदावर घातले की कोणत्या टेबलाने पुढे न्यायचा यातच महिना जातो. अनेक कोर्टांतली प्रकरणे पाहायची असतील तर पहिला अर्ज प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे प्रशासकीय बाजूने द्या.

सोबत विद्यापीठाचं ओळखपत्र, मार्गदर्शकाचं लेटरहेडवरचं पत्र (विषय, नोंदणी क्रमांक आणि कालावधीसह), आधारची प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागेल. प्रतिज्ञापत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा. उपयोग फक्त शैक्षणिक आहे. पक्षकारांची नावे प्रबंधात किंवा लेखात छापणार नाही. कागद बाहेर नेणार नाही, त्यावर खुणा करणार नाही. आणि कोणत्याही पक्षकाराच्या वतीने हा अर्ज नाही. ही चौथी ओळ बरेच जण विसरतात. भूसंपादनात वाढीव मोबदल्यावर दलाली करणारे लोक असतात, त्यामुळे त्रयस्थ माणूस केसेसची यादी घेऊन आला की कार्यालय सावध होतं, आणि ते योग्यच आहे.

अर्जाला तक्ता जोडा: केस नंबर, वर्ष, गाव, निकालाची तारीख. निकालाची तारीख जोडल्याशिवाय जाऊ नका. रेकॉर्ड रूममध्ये निकाली प्रकरणांचे गठ्ठे बहुतेक ठिकाणी निकालाच्या महिन्या-वर्षाप्रमाणे बांधलेले असतात, दाखल वर्षाप्रमाणे नाही. ‘एल.ए.आर. ५२/१९९७’ (एल.ए.आर. म्हणजे भूसंपादन रेफरन्स) एवढंच दिलं तर आधी कोणीतरी डिस्पोजल रजिस्टर (निकाली प्रकरणांची नोंदवही) काढून तारीख शोधायची आणि मग गठ्ठा उतरवायचा. त्या माणसाकडे रोजच्या अपिलांची रेकॉर्ड पाठवण्याचं काम असतं. तारीख दिलीत तर दहा मिनिटांत गठ्ठा टेबलावर येतो.

फाइल हातात आली की वरचा रोजनामा वाचा. त्यात तारीखवार काय झालं ते असतं: नोटीस, साक्षी, प्रकरणे एकत्र केल्याचा हुकूम, निकाल. मग निशाण्यांच्या (फाइलमधल्या कागदांना दिलेले क्रमांक) यादीवर या. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘नि. १’, ‘नि. १७’ असा गोल केलेला आकडा असतो. निकालपत्राची निशाणी बहुधा शेवटच्या दोन-तीनांत येते. अर्जात ‘निकालपत्र’ एवढंच न लिहिता ‘नि. ४१ वरील निकालपत्र, पाने २८’ असं लिहिलं की नक्कल कारकुनाला शोधावं लागत नाही आणि तुमचा खर्चही आधीच कळतो. तपासणीचा मोठा फायदा हाच आहे: काय हवं आणि किती पानांचं ते पाहून मगच पैसे भरायचे.

पेन्सिल आणि कोरे कागद बरोबर ठेवा, शाईचं पेन बाहेर काढू नका. मोबाइलने फोटो काढण्याची परवानगी हवी असेल तर तसं अर्जात स्वतंत्र वाक्य घाला आणि हुकुमात ते उमटलंय का पाहा. तोंडी ‘चालेल’वर फोटो काढू नका. दुसऱ्या दिवशी टेबलावर दुसरा कर्मचारी असतो आणि परवानगी तुमची असली तरी जबाब त्याला द्यावा लागतो.

त्रयस्थाला निकालपत्र आणि हुकूमनामा (निकालाचा अंतिम आदेश, डिक्री) मिळायला फारशी अडचण येत नाही. पक्षकारांनी दाखल केलेले मूळ दस्त, मूल्यांककाचा अहवाल, साक्षीचे कागद यांवर मात्र जास्त प्रश्न येतात. ते मागायचेच असतील तर का हवेत ते स्वतंत्रपणे लिहा, निकालपत्राच्या अर्जात मिसळू नका. नाहीतर मिळणारी गोष्टही अडकते.

नक्कल साधी मागा, अर्जंट नको. फीचा दर अर्जंटला वेगळा असतो आणि तुमच्या कामाला घाई नाही.

---

उरमोडीकाठ

खूप उपयोग झाला. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तीन केसेसच्या बाबतीत ‘आर अँड पी वर गेलंय’ असं उत्तर मिळालं. एका जुन्या केसबद्दल ‘रेकॉर्ड नष्ट’ असा शेरा आहे. इथे वाट संपते का?

---

फर्स्ट_अपील यांचं उत्तर

नाही, पहिल्या बाबतीत तर तुमचं काम सोपं झालं.

आर अँड पी म्हणजे खालच्या कोर्टाचं संपूर्ण रेकॉर्ड. कलम ५४ खाली हायकोर्टात फर्स्ट अपील झालं की ते वर मागवलं जातं. म्हणजे त्या केसमध्ये अपील झालं आहे, आणि हायकोर्टाचा निकाल संकेतस्थळावर फुकट मिळण्याची बरीच शक्यता आहे. खालच्या कोर्टाने दर किती दिला, निवाड्यात किती होता आणि कोणते विक्रीचे दाखले धरले, याचा सारांश हायकोर्टाच्या निकालात सुरुवातीच्या परिच्छेदांत येतो. तुमच्या तक्त्यातले निम्मे रकाने तिथेच भरतील. शिवाय शेवटचा आकडा हायकोर्टाचा असतो. तो न पाहता खालच्या कोर्टाच्या वाढीवर निष्कर्ष काढला तर प्रबंधात मोठी चूक राहील, कारण वरती दर कमीही होतो.

शोधताना ‘स्टेट ऑफ महाराष्ट्र’ने शोधू नका, हजारो नावे येतात. ई-कोर्ट्सच्या निकाल शोध पोर्टलवर मुंबई उच्च न्यायालय निवडून गावाचं नाव आणि प्रकल्पाचं नाव एकत्र टाका. अवतरणचिन्हांत टाकलं तर नेमकं येतं. गावाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करून पाहा. अलीकडच्या निकालांना तटस्थ उद्धरण क्रमांक (कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला ओळख क्रमांक) असतो. त्यात बीएचसी नंतर एएस असेल तर मुंबईची अपील शाखा, एयूजी म्हणजे औरंगाबाद, एनएजी म्हणजे नागपूर. साताऱ्याची अपिलं पूर्वी मुंबईला जात होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणून प्रत्यक्ष रेकॉर्ड पाहायला जाण्याआधी फाइल आत्ता मुंबईला आहे की कोल्हापूरला, ते केस स्टेटसवरून आणि कार्यालयात विचारून पक्कं करा. चुकीच्या शहराची एक फेरी बजेटचा चांगला तुकडा खाते.

आता नष्ट झालेल्या रेकॉर्डबद्दल. १९१७ चा अभिलेख नाश कायदा आणि त्याखालचे हायकोर्टाचे नियम यांप्रमाणे निकाली प्रकरणातले कागद वर्गवारी करून मुदतीनंतर नष्ट करतात. सगळे कागद एकदम जात नाहीत. समन्स, नोटिसा, किरकोळ अर्ज आधी जातात, निकालपत्र आणि हुकूमनामा सर्वांत जास्त टिकतात. म्हणून ‘रेकॉर्ड नष्ट’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. निकालपत्र आणि हुकूमनामा शिल्लक आहे का, हा नेमका प्रश्न लेखी विचारा. तेही नसेल तर ज्या सोबतच्या केसेस त्याच निकालात होत्या, त्यांच्या फायलींतल्या प्रती पाहा. त्याशिवाय निकालाची एक प्रत भूसंपादन अधिकाऱ्याकडे असतेच, कारण पैसे कोर्टात भरायचे ते त्यांना. तिथे पुन्हा पानाला २ रुपये.

आणखी एक जागा सुचवतो, फार थोडे लोक तिथे पोचतात. भूसंपादन कायद्याचं कलम २८-अ. ज्यांनी रेफरन्स केला नव्हता अशा त्याच अधिसूचनेतल्या खातेदारांना, शेजाऱ्याच्या बाजूने कोर्टाचा निकाल लागल्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्याकडे फेरनिर्धारणाचा अर्ज करता येत असे. त्या अर्जांना कोर्टाच्या निकालाची प्रत जोडलेली असते. कोर्टात न सापडलेला निकाल त्या फाइलमध्ये सापडू शकतो. आणि रेफरन्स न केलेल्या लोकांपर्यंत वाढ पोचली की नाही, हा तुमच्या विषयाचा अर्धा भाग तर तिथेच आहे.

---

सोळा_आकडी यांचं उत्तर

ई-कोर्ट्सवर नावाने शोधणं थांबवा. ‘विठ्ठल’ हे नाव डेटा एंट्रीत पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ‘केस टाइप’ने शोधा: जिल्हा निवडा, कोर्ट संकुल निवडा, प्रकार एल.ए.आर., वर्ष, आणि ‘निकाली’. त्या वर्षीची पूर्ण यादी येते. हे वर्ष दाखल झाल्याचं असतं, निकालाचं नाही. १९९५ चा निकाल हवा तर १९८८ पासून सुरुवात करावी लागेल. १९८८ ते २०१२ ही २५ वर्षे, म्हणजे एका संकुलाला २५ वेळा कॅप्चा भरायचा. नावाने १२० वेळा शोधण्यापेक्षा हे लवकर होतं आणि काही सुटत नाही. प्रोग्राम लावून कॅप्चा फोडण्याच्या भानगडीत पडू नका. तुमच्या संगणकाचा इंटरनेट पत्ता संकेतस्थळावर बंद होतो आणि संशोधनाच्या नैतिकता समितीलाही ते सांगता येत नाही.

प्रत्येक केसचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरचा केसचा ओळख क्रमांक) टिपून ठेवा. तो सोळा अक्षरांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, कोर्ट आस्थापनेचे दोन आकडे, सहा आकडी अनुक्रमांक आणि चार आकडी वर्ष. केस दुसऱ्या कोर्टात वर्ग झाली की नंबर बदलतो. तालुक्याला वरिष्ठ स्तर कोर्ट नव्याने झालं तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणची बरीच प्रकरणे तिकडे गेली आणि त्यांना नवे नंबर पडले. गावच्या यादीत जुना नंबर, संगणकावर नवा. म्हणून तक्त्यात ‘जुना नंबर’ आणि ‘नवा नंबर’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.

संगणकीकरण होण्याआधी निकाली निघालेली प्रकरणे बहुतेक ठिकाणी या यादीत दिसणार नाहीत. १९९५ ते साधारण २००५ मधले निकाल तुम्हाला भूसंपादन कार्यालयाची नोंदवही आणि कोर्टाचं डिस्पोजल रजिस्टर यांवरूनच मिळतील. संगणकावर नाही याचा अर्थ केस झालीच नाही असा घेऊ नका.

डेटाबेसबद्दल विचारलंत. खासगी डेटाबेसचा भर सर्वोच्च न्यायालय आणि हायकोर्टांवर असतो, दिवाणी वरिष्ठ स्तराचे रेफरन्स त्यात क्वचित. विद्यापीठाची वर्गणी असेल तर वापरा, पण यासाठी नवी घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर (त्या न्यायालयाचा ऑनलाइन निकालसंग्रह) वर जानेवारी २०२३ पासून मोफत आहेत. हायकोर्टांच्या निकालांचा मोठा संच पीडीएफ आणि तपशिलासकट अॅमेझॉनच्या ओपन डेटा नोंदवहीत मोफत उतरवता येतो. गावाच्या नावाने एकगठ्ठा शोधायला तो पोर्टलपेक्षा सोयीचा. आणि जिल्हा न्यायालयांतल्या २०१० ते २०१८ च्या सुमारे ८ कोटी केसेसचा तपशील डेव्हलपमेंट डेटा लॅबने खुला केला आहे. त्यात निकालाचा मजकूर नाही, पण कायदा, दाखल तारीख, निकालाची तारीख आणि निकालाचा प्रकार आहे. तुमच्या १४ गावांची तुलना राज्याशी करायला तेवढं पुरतं.

निकालाचा मूळ मजकूर उद्धृत करायला कॉपीराइट आड येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(क्यू) मध्ये कोर्टाच्या निकालांना सूट आहे, आणि ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक (२००८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ मजकूर आणि प्रकाशकाची भर यांत फरक केला आहे. डेटाबेसमधलं हेडनोट (प्रकाशकाने निकालावर दिलेला सारांश) मात्र उचलू नका.

मराठीतला निकाल पीडीएफमधून कॉपी केल्यावर चिन्हांचा काला आला तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला आहे. फाँट बदलत बसण्यापेक्षा पानाचं ३०० डीपीआयचं चित्र करून टेसरॅक्ट या प्रोग्रामवर मराठी भाषा निवडून ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणं) करा. आकडे मात्र प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासा. ‘१’ आणि ‘९’ची अदलाबदल झाली की दर काहीच्या काही होतो.

---

आर_आणि_गुंठा यांचं उत्तर

वरती सगळे निकालपत्रावर थांबले आहेत. माझा मुद्दा निकालपत्राशिवाय संपलेल्या केसेसचा. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिथे निवाडा एक-दोन पानांचा असतो. रक्कम असते, कारणं नसतात, आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्यावर अपील नाही. अर्जदार गैरहजर म्हणून काढून टाकलेल्या केसेस तर फक्त रोजनाम्यात दिसतात. फक्त सविस्तर निकाल गोळा केले तर तुमच्या तक्त्यात ज्यांना वकील टिकवता आला तेच शेतकरी राहतील. बाकीचे कागदावरून पुसले जातील, आणि त्यांचीच संख्या मोजायला हवी. या केसेसच्या नकला घेऊ नका. तपासणीच्या वेळी रोजनाम्यातली तारीख आणि हुकुमाची ओळ वहीत उतरवली की पुरे. खर्च शून्य.

दर टिपताना एकक जसंच्या तसं लिहा आणि शेजारच्या रकान्यात रूपांतर करा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटर, १०० आर म्हणजे हेक्टर, ४० गुंठे म्हणजे एकर. निवाडा हेक्टरी आणि निकाल आरमध्ये, असं सर्रास असतं. जिरायत, बागायत आणि पोटखराबा यांचे दर वेगळे टिपा. एकच सरासरी काढली तर वाढ खरी किती ते कळत नाही.

आणि ‘मोबदला’ या एका शब्दाखाली सगळं घालू नका. बाजारभाव, कलम २३(१-अ) चे सालाना १२ टक्के, कलम २३(२) ची ३० टक्के दिलासा रक्कम, आणि कलम २८ चं व्याज (पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के) हे चार वेगळे रकाने हवेत. शेतकऱ्याच्या हातात पडलेली एकूण रक्कम मोठी दिसते, पण तिच्यातला मोठा भाग निव्वळ उशिराचं व्याज असतो. कोर्टाने जमिनीची किंमत वाढवली ती वेगळी, वीस वर्षं पैसे अडकले त्याची भरपाई वेगळी. पैसे खरंच मिळाले का, हे निकालावरून समजत नाही. त्यासाठी त्या निकालाची दरखास्त (निकाल अमलात आणण्यासाठीचा अर्ज) झाली होती का ते पाहा आणि दरखास्तीचा रोजनामा वाचा.

विक्रीचे दाखले म्हणून दाखल केलेली खरेदीखते कोर्टातून मागण्याची बहुधा गरज पडत नाही. निकालपत्रात दस्त क्रमांक, तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालय दिलेलं असतं. तो नोंदणीकृत दस्त आहे, त्याची सूची क्रमांक दोन (दस्ताच्या तपशिलाचा नोंदणी उतारा) नोंदणी विभागाकडून काढता येते. मूल्यांककाच्या अहवालाला मात्र अशी पळवाट नाही. तो कोर्टाच्या फाइलमध्येच वाचावा लागेल.

---

उरमोडीकाठ

शेवटचा प्रश्न. प्रबंधासाठी प्रमाणित नक्कल लागते की साधी झेरॉक्स चालते? आणि भूसंपादन कार्यालयाने ‘खातेदारांची वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार दिला तर?

---

नक्कल_अर्ज

प्रबंध हा पुरावा म्हणून कोर्टात दाखल होत नाही, तेव्हा साधी प्रत किंवा तपासणीत उतरवून घेतलेल्या नोंदी पुरतात. फक्त प्रत्येक नोंदीखाली कोर्ट, केस नंबर, निशाणी आणि पाहिल्याची तारीख लिहा. प्रमाणित नक्कल मुख्य निकालांपैकी ज्यांवर तुमचा निष्कर्ष उभा आहे अशा तीन-चारांचीच घ्या. तिच्या शेवटच्या पानावर अर्ज केल्याचा, नक्कल तयार झाल्याचा आणि दिल्याचा दिनांक असा शिक्का असतो. तो पानासकट जपून ठेवा. स्कॅन करताना लोक ते पान ‘रिकामं’ म्हणून सोडून देतात आणि मग नक्कल कधी, कुठून घेतली ते सांगता येत नाही.

वैयक्तिक माहितीचा नकार माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली येतो. हे कलम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदललं आहे, आणि आधीपेक्षा नकार देणं सोपं झालं आहे. म्हणून मागणीच अशी करा की नकाराला जागा राहू नये: “खातेदारांची नावे, पत्ते व बँक तपशील झाकून द्यावे, गट क्रमांक, क्षेत्र, जमिनीचा प्रकार, दर व न्यायालयाचा प्रकरण क्रमांक एवढाच भाग द्यावा.” त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये असा भाग वेगळा करून देण्याची तरतूद आहे, तिचा उल्लेख अर्जातच करा. नावे तुमच्याकडे गावांतून आधीच आहेत, गट नंबरवरून जुळतील. भूसंपादन कायद्याच्या कलम ४ आणि कलम ६ च्या अधिसूचना राजपत्रात छापलेल्या असतात, त्यांची प्रतही त्याच अर्जासोबत लावा. कागद आधीच प्रसिद्ध झालेला आहे हे दिसलं की बरेच आक्षेप तिथेच गळतात.

पहिला अर्ज एकाच गावाचा टाका. काय येतं, कोणत्या रकान्यावर हरकत निघते, पाने किती भरतात ते पाहा. मग उरलेल्या १३ गावांचे अर्ज त्याप्रमाणे दुरुस्त करून पाठवा.